‘मेंटेन’ करणं म्हणजे खावटी टाकणं नव्हे

माझ्या मोठ्या बहिणीच्या दाव्याचे कागद मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा स्कॅन केलेत, पीडीएफ करून वकिलांना पाठवलेत, की त्यातलं एक इंग्रजी वाक्य आता मला तोंडपाठ आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तेच कलम १४४ झालं. त्याचा आशय असा: पुरेशी ऐपत असताना जो माणूस, स्वतःला मेंटेन करू न शकणाऱ्या आपल्या पत्नीला मेंटेन करण्याकडे दुर्लक्ष करतो किंवा तसं करायला नकार देतो, त्याला न्यायदंडाधिकारी दरमहा रक्कम द्यायचा आदेश देऊ शकतात.

एकाच वाक्यात एकच क्रियापद दोनदा आलंय. एकदा तिच्यासाठी, एकदा त्याच्यासाठी. आपाचा सगळा दावा या दोन ‘मेंटेन’च्या मधल्या जागेत अडकून पडला आहे. दुल्हेभाईंच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला सांगितलं, “मॅडम बी.एस्सी. आहेत, स्वतःला मेंटेन करू शकतात.” आणि बाहेरच्या बाकड्यावर त्यांच्याकडचे एक वयस्कर चाचा आमच्या अब्बांना समजावत होते, “उसकू क्या कमी है? भाई के घर में दो वखत का खाना मिलता है ना?”

आत बसलेला वकील आणि बाहेर बसलेले चाचा, दोघांचं भाषांतर एकच होतं. मेंटेन म्हणजे खायला मिळणं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. पण ‘मेंटेन’ हा शब्द माझ्या रोजच्या कामातला आहे. कंपनीत नवीन प्रॉडक्ट लाँच झालं की केक कापतात, फोटो काढतात, मॅनेजर लिंक्डइनवर लिहितो. त्यानंतरची आठ-दहा वर्षं ते प्रॉडक्ट चालू ठेवणारी टीम कुणाच्या फोटोत नसते. जुन्या चुका शोधायच्या, नवीन ब्राउजर आला की बदल करायचे, रात्री दोनला सर्व्हर पडला की उठायचं. याला आम्ही मेंटेनन्स म्हणतो. सर्व्हरची वीज तोडली नाही, म्हणजे सिस्टिम मेंटेन केली, असं म्हणणाऱ्या इंजिनिअरला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. वस्तू ज्या स्थितीत चालत होती त्या स्थितीत ती चालती ठेवणं, हा त्या शब्दाचा साधा अर्थ आहे. निकाहाचंही तसंच. केक, फोटो, वलीमा एका दिवसाचा. (आमच्याकडे वलीम्याला सहाशे पानं उठली होती. मोजली होती, कारण केटररचं बिल मी भरलं होतं.)

हे क्रियापद आलं कुठून तेही पाहण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘तेनेरे’ म्हणजे धरणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘मँतनीर’ झालं आणि फ्रेंच बोलणाऱ्या न्यायालयांमधून ते इंग्रजी कायद्यात शिरलं. हातात धरून ठेवणं. इंग्रजी कायद्याने पुढे त्याला बरेच अर्थ दिले. वकील ‘माझे अशील असं मेंटेन करतात’ म्हणतात, तेव्हा अर्थ होतो, ठासून सांगतात. अर्ज ‘मेंटेनेबल’ नाही म्हणजे तो चालवण्याजोगाच नाही. आणि जुन्या इंग्लंडमध्ये ‘मेंटेनन्स’ नावाचा गुन्हासुद्धा होता: ज्या खटल्याशी आपला संबंध नाही, त्यात एका बाजूला पैसा आणि बळ पुरवणं. १९६७ साली तो गुन्हा तिथे रद्द झाला. आमच्या तारखांना दुल्हेभाईंच्या बाजूने गाडी भरून येणारी मंडळी पाहिली की मला वाटतं, जरा घाईच केली त्यांनी.

आता आपल्याकडचे शब्द बघा. मराठीत लोक म्हणतात पोटगी, म्हणजे पोटापुरतं. कोर्टाच्या आवारात म्हणतात खावटी, म्हणजे खाण्यापुरतं. आपल्या घरांत म्हणतात गुजारा, म्हणजे दिवस ढकलण्यापुरतं. किंवा नान-नफका, आणि त्यातही नान पुढे. खरं तर नफका हा अरबी शब्द खर्च करण्याच्या धातूवरून आलाय, इन्फाक त्याच घरातला. त्याला पोटाची अट नाही. पण आपण त्याच्या आधी नान लावून त्याचीही भाकरी केली.

मराठीला या क्रियापदासाठी नेमका शब्द सापडत नाही असंही नाही. शब्द आहे, आपण तो रोज वापरतो. सांभाळणं. “मी अम्मीला सांभाळतो.” हे वाक्य आपल्यातला प्रत्येक मुलगा छाती पुढे काढून म्हणतो, आणि म्हणावंच. अम्मीला सांभाळणं म्हणजे दोन वेळची भाकरी, असा हिशोब कुणी केलाय का? त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन येतं, रमजानच्या आधीचे नवे कपडे येतात, खालाच्या घरी जायचं भाडं येतं, तिच्या हातात चार पैसे येतात. गंमत अशी की कायद्याच्या त्या एकाच कलमात पत्नी, मुलं, आई आणि वडील सगळे आहेत, आणि सगळ्यांसाठी क्रियापद एकच आहे. आईसाठी वेगळं, बायकोसाठी वेगळं असं कायदा करत नाही. ते आपण करतो. आईला सांभाळतो आणि बायकोला खावटी टाकतो. ‘टाकतो’ हेसुद्धा आपलंच क्रियापद आहे, कान देऊन ऐका.

आणि अम्मी डी.एड. झालेली असली तरी कुणी वकील उभा राहून म्हणत नाही, “आई शिकलेल्या आहेत, नोकरी करू शकतात.”

या शब्दावर आपल्या देशात केवढं रामायण घडलं, ते माझ्या पिढीला अर्धवट माहीत आहे. शाहबानो म्हटलं की आपल्याला राजीव गांधी, मतपेटी, अयोध्या आठवतं. ती बाई आठवत नाही आणि तिचा आकडाही आठवत नाही. इंदूरच्या एका वकिलाशी १९३२ मध्ये तिचं लग्न झालं. पाच मुलं झाली. १९७५ मध्ये तिला घराबाहेर काढलं, म्हणजे ४३ वर्षांच्या संसारानंतर. एप्रिल १९७८ मध्ये तिने कलम १२५ खाली महिना ५०० रुपये मागितले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नवऱ्याने तलाक दिला. नवऱ्याची वकिलीची कमाई वर्षाला सुमारे ६०,००० रुपये आहे, असं तिचं म्हणणं होतं. न्यायदंडाधिकाऱ्यांनी किती मंजूर केले? महिना २५ रुपये. पाच हजारांतले पंचवीस, म्हणजे अर्धा टक्का. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. आणि या १७९ रुपये २० पैशांविरुद्ध तो माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला.

तिथे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाच्या वतीने जो युक्तिवाद झाला, तो मी मुळातून वाचला तेव्हा दोन वेळा चष्मा पुसला. वाद होता सूरह बकराच्या २४१व्या आयतीतल्या ‘मताअ’ या शब्दावर. तलाक दिलेल्या स्त्रियांना रीतीप्रमाणे मताअ द्यावा, असा त्या आयतीचा आशय. अब्दुल्ला यूसुफ अली यांच्या इंग्रजी तर्जुम्यात, जो आपल्या निम्म्या घरांत आहे, इथे ‘मेंटेनन्स’ हा शब्द आहे. बोर्डाचं म्हणणं पडलं की इथे ‘मेंटेनन्स’ नव्हे, ‘प्रोव्हिजन’ म्हणायला हवं. म्हणजे सांभाळ नव्हे, तरतूद. २३ एप्रिल १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने सांगितलं की या फरकात काही फरक नाही, आणि नवऱ्याचं अपील फेटाळलं.

याच निकालात मुसलमानांना उद्देशून समान नागरी कायद्याच्या चार गोष्टी ऐकवल्या गेल्या. त्या नसत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. कारण मग सगळा गदारोळ त्यावर झाला आणि १७९ रुपये २० पैसे बाजूला पडले.

पुढचा भाग तर एखाद्या कोड रिव्ह्यूसारखा आहे. समाजातल्या पुढाऱ्यांच्या दबावाने १९८६ मध्ये संसदेने मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला. हेतू उघड होता: तलाकनंतरची जबाबदारी इद्दतपुरती, म्हणजे साधारण तीन महिन्यांची, करून टाकायची. पण मसुदा लिहिणाऱ्यांनी वाक्य असं लिहिलं की पूर्वीच्या पतीने इद्दतच्या काळाच्या आत वाजवी आणि न्याय्य ‘प्रोव्हिजन’ आणि ‘मेंटेनन्स’ करावी आणि द्यावं. दोन्ही शब्द बसवले, दोन क्रियापदंही जोडली. २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात घटनापीठाने हेच वाक्य हातात घेतलं. लतीफी हे शाहबानोचेच वकील. पीठाने म्हटलं, तरतूद ‘करायची’ आहे आणि सांभाळखर्च ‘द्यायचा’ आहे. आणि कायदा ‘इद्दतच्या आत’ म्हणतो, ‘इद्दतपुरतं’ म्हणत नाही. म्हणजे तिच्या पुढच्या आयुष्याची तरतूद नवऱ्याने इद्दत संपायच्या आत करायची. ऑफिसच्या एसीचा मेंटेनन्सचा करार ३१ मार्चच्या आत भरा म्हटलं, याचा अर्थ एसी ३१ मार्चपर्यंतच चालवा असा होत नाही. इतकं साधं होतं ते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही त्याआधी, २००० मध्ये, याच दिशेने निकाल दिला होता.

ज्या ‘प्रोव्हिजन’ शब्दाने बाईची वाट अडवायची होती, त्याच शब्दाने वाट मोकळी केली. यात आपण खूश व्हावं की शरमेने मान खाली घालावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण ते वाक्य वाचायला १५ वर्षं लागली, आणि त्या १५ वर्षांत किती बायकांना काझीसमोर तीन महिन्यांचा हिशोब करून घरी पाठवलं असेल, त्याची नोंद कुठल्याही निकालपत्रात नसते.

त्यानंतरही वाद संपला नाही. तेलंगणातल्या एका नवऱ्याने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की १९८६ चा वेगळा कायदा असल्यामुळे तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीचा कलम १२५ खालचा अर्ज चालूच शकत नाही. मराठीत सांगायचं तर, मेंटेनन्सचा अर्ज मेंटेनेबल नाही! प्रश्न उच्च न्यायालयाने ठरवलेल्या महिना १०,००० रुपयांचा होता. १० जुलै २०२४ ला न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी स्पष्ट केलं: दोन्ही दरवाजे उघडे आहेत, कुठून जायचं ते बाईने ठरवावं. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी गृहिणीच्या बँक खात्याबद्दल आणि एटीएम कार्डाबद्दलही लिहिलं. त्या दिवशी माझ्या एका ग्रुपवर ‘शरीअतमध्ये दखल’ असे मेसेज पडत होते. पाठवणारे बहुतेक माझ्यासारखेच, बंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांत बसलेले. त्यातल्या एकानेही १०,००० रुपयांत हैदराबादेत घरभाडं किती आणि शाळेची फी किती, असा हिशोब मांडला नाही. आम्हाला एक्सेल येतं ना?

मी नेहमी एक विचारतो. सूरह निसाच्या ३४व्या आयतीतला ‘कव्वाम’ शब्द आपल्या पुरुषांच्या जिभेवर असतो. लग्नाच्या भाषणात असतो, बायको उलट बोलली की असतो. यूसुफ अलींच्या त्याच तर्जुम्यात तिथे पुरुषांना ‘मेंटेनर’ म्हटलंय. पद हवं असेल तेव्हा मेंटेनर, आणि पैसे द्यायची वेळ आली की ‘प्रोव्हिजन, तीही तीन महिने’. हे कुठल्या शरीअतमध्ये बसतं? तलाक दिलेल्या स्त्रियांना ऐपतीप्रमाणे, तुम्ही राहता तिथे राहू द्या, हा आशय सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत आहे. घर काढा आणि वाचा. मौलानांना विचारण्याआधी वाचा.

बाहेरच्या कोणी यावर टाळ्या वाजवायची गरज नाही. कलम १२५ खालच्या अर्जांवर सगळ्या धर्मांच्या नवऱ्यांची नावं आहेत. ब्रिटिशांनी हे कलम आणलं तेव्हा हेतूही फार थोर नव्हता, निराधार बायकामुलं रस्त्यावर येऊन भटकू नयेत एवढाच होता. मूळ केंद्रीय कायद्यात महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ मध्ये निघाली. सर्वधर्मसमभावाने सगळ्यांना ५००.

आणि २०१९ चा तीन तलाकविरोधी कायदा? तीन तलाक रद्द झाला याचा मला आनंद आहे, ही मागणी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन १९६६ मध्ये मुंबईच्या विधानभवनावर गेलेल्या हमीद दलवाईंपासूनची आहे. पण त्या कायद्याचं पाचवं कलम वाचा. तिथे ‘मेंटेन’ नाही. तिथे आहे ‘सबसिस्टन्स अलाउन्स’. जगण्यापुरता भत्ता. निलंबित कारकुनाला मिळतो त्याचं इंग्रजी नावही हेच. कायदा म्हणतो तो तलाक रद्दबातल, म्हणजे ती अजून पत्नीच. मग पत्नीसाठीचं पूर्ण क्रियापद तिच्या वाट्याला का नको? नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग लिहिताना हात आखडला नाही, आणि बाईचा शब्द लिहिताना मात्र एकदम काटकसर. ज्यांनी त्या दिवशी पेढे वाटले त्यांनी हे वाचलं होतं का? सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात सांगितलं की अशी स्त्रीसुद्धा कलम १२५ खाली जाऊ शकते. म्हणजे मोठं क्रियापद पुन्हा जुन्याच कलमात शोधावं लागलं.

बी.एस्सी.च्या मुद्द्याकडे येतो, कारण तो तुमच्या घरातही कधी ना कधी येणार आहे. आपल्या मुली आता शिकतायत, आणि नेमकं तेच शिक्षण त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडलं जातंय. ‘स्वतःला मेंटेन करू न शकणारी’ म्हणजे रस्त्यावर भीक मागणारी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या खटल्यात सांगितलंय. नवऱ्याकडे ती ज्या तऱ्हेने राहत होती, ते माप. आणि शैलजा खटल्यात २०१७ मध्ये सांगितलंय की कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपाने बी.एस्सी. केलं २००९ मध्ये. त्यानंतर तिने अकरा वर्षं एक संसार मेंटेन केला: सासूचं डायलिसिस, दोन मुलं, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. माझ्या क्षेत्रात अकरा वर्षांचा मेंटेनन्सचा अनुभव असलेल्या माणसाला टीम लीड करतात. तिला वकील म्हणाले, अनुभव नाही तरी पदवी आहे.

आता माझी गोष्ट. आपा घरी परत आली तेव्हा सगळ्यात आधी तिला चुकीचा सल्ला देणारा मीच होतो. “खुला घे, मेहर सोड, मोकळी हो. मी आहे ना.” मला तो मोठेपणा वाटला होता. चार लाखांच्या मेहरसाठी आणि महिन्याच्या काही हजारांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे घराण्याची इज्जत जाते, असंही मी म्हणालो, इंजिनिअर असून. ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी तिने एवढंच विचारलं, “तेरी शादी के बाद भी?” मला उत्तर देता आलं नाही. भावाने बहिणीला ठेवून घेणं आणि तिच्या हक्काचं तिला मिळणं यात काय अंतर आहे, ते मला त्या आठ दिवसांत कुणी इंग्रजीत समजावलं नाही. तिने पाच शब्दांत समजावलं.

म्हणून माझ्या वयाच्या मुलांना माझं थेट म्हणणं आहे. बहीण परत आली तर पहिलं वाक्य ‘खुला घे’ हे काढू नका. परस्परसंमतीने वेगळे राहतोय असं लिहिलेल्या कागदावर तिची सही घेऊ देऊ नका, कारण त्या एका ओळीने कलम १२५ खालचा दावा पडू शकतो. मध्यस्थीला मोहल्ल्यातले पाच जण बसले तर विचारा, यात बाई किती. आणि तुमचा स्वतःचा निकाह ठरला असेल, तर निकाहनाम्यात अटी लिहिता येतात हे लक्षात ठेवा. हॉलच्या डेकोरेशनवर तीन बैठका होतात, त्या कागदावर एक तरी होऊ दे.

तुमच्यातला कुणी नवरा म्हणून कोर्टात उभा असेल, तर त्यालाही सांगतो. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून (तो दावा आपल्या नागपूरहून गेला होता) दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात. बोनस, शेअर, भाड्याने दिलेला फ्लॅट, सगळं त्यात येतं. पगाराची स्लिप लहान करून दाखवण्याची कला आमच्या क्षेत्रात फार पसरलीय. एचआरमधल्या मित्राला फोन करणारे मला माहीत आहेत.

ते शपथपत्र आपाचंही भरायचं होतं. मी लॅपटॉप घेऊन बसलो, ती समोर. खर्चाचे रकाने एकेक करून भरत गेलो. मोठ्याची फी, धाकटीची व्हॅन, ट्यूशन, दूध, धाकटीच्या दम्याचं औषध. तिला सगळं पैशापैशाने पाठ होतं. मग स्वतःच्या खर्चाचा रकाना आला. कपडे, औषधं, प्रवास, इतर.

“मेरा क्या लिखना उसमें?” ती म्हणाली. “शून्य लिख.”

मी शून्य लिहिलं नाही. कर्सर तिथेच ठेवला आणि विचारत बसलो. अर्ध्या तासाने बाहेर आलं की चष्म्याचा नंबर दोन वर्षांपूर्वी बदललाय, दाढ दुखते तेव्हा ती लवंग धरते, आणि बी.एड.चा फॉर्म तिने मागच्या जूनमध्ये आणून कपाटात कुराणाच्या रेहलीखाली ठेवलाय. तिन्ही आकडे लिहिले. बी.एड.ची फी लिहिताना ती म्हणाली, एवढी मोठी रक्कम बघून साहेब चिडतील. मी ती ठळक अक्षरांत केली. मग वकिलांनी फोन करून सांगितलं की शपथपत्रात ठळक अक्षरं चालत नाहीत, तेव्हा पुन्हा साधी केली. पुढची तारीख सतरा तारखेला आहे.